दोन घरचा पाहुणा

अण्णांच्या वहीत पावसाला आकडा नसतो. कॉलेजात भूगोल शिकवायला लागल्यापासून मी त्यांना पर्जन्यमापक वापरा म्हणून सांगतेय. एकदा प्लास्टिकचा एक विकत घेऊन गावी ठेवूनही आले. पुढच्या खेपेला बघते तर भावजय त्यानं शेंगदाण्याचं तेल मोजत होती.

वही मात्र अखंड चालू आहे. दोनशे पानी, शाळेच्या पोरांची असते तसली. मराठी महिना, तिथी, नक्षत्र आणि पुढं दोन-चार शब्द. 'भुरभुर.' 'शिडकावा, धूळ बसली.' 'पागोळ्या लागल्या.' 'ढेकूळ भिजलं.' 'वीतभर ओल.' क्वचित कधी, 'ताली फुटल्या', म्हणजे रानाचे बांध फुटले. आमचं गाव पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातलं, काळ्या रानाचं. इथं पाऊस किती पडला यापेक्षा किती मुरला याला किंमत. त्यामुळं अण्णांची मोजपट्टी हल्ली मला मिलिमीटरपेक्षा कमी शास्त्रीय वाटत नाही. वर्गात मात्र मी हे बोलत नाही.

२०२३ च्या भाऊबीजेला गेले होते. धाकटा भाऊ द्राक्षवाला. तीन एकर बाग, बेदाण्याचं शेड. ऑक्टोबर छाटणी होऊन वेली फुलोऱ्याच्या तोंडावर आलेल्या. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइल पुढं केला. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता: एल निनो आलाय, यंदा हिवाळाभर अवकाळी झोडपणार.

"आक्का, खरं का हे?"

मी तोंड उघडायच्या आत ओसरीवरून अण्णा म्हणाले, "तिला नको इचारू. तिचं एल निनो आपल्याला एकदा पावलंय."

ते २०१५ चं बोलत होते. आठ वर्षं झाली तरी विसरले नाहीत, आणि विसरावं असं मी काही केलंही नव्हतं. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, आणि त्या साली तो जबरदस्त होता. आमच्याकडं सगळा जीव सप्टेंबरच्या पावसावर. सोलापुरात तोच सगळ्यात ओला महिना. उत्तरा आणि हत्ती नक्षत्रात रान भिजलं की त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची, मग काढणीपर्यंत वर बघायचं नाही. पण त्या वर्षी ओल वीतभरही गेली नव्हती. पेरावं की पड ठेवावं, अशा पेचात अण्णा होते. मी फोनवर ऐटीत सांगितलं, पेरा. एल निनोच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस बहुतेकदा जास्त पडतो, कार्तिकात पाऊस येणार. पुस्तकात होतं ते.

अण्णांनी चार एकरांवर तिफण धरली.

आणि पाऊस आला. चेन्नईला आला. त्या नोव्हेंबरात एकट्या चेन्नईत हजार मिलिमीटरच्या वर पडला. आमच्या जिल्ह्याची अख्ख्या वर्षाची सरासरी पाचशे-साडेपाचशेच्या घरात. डिसेंबरच्या सुरुवातीला विमानतळ पाण्याखाली, माणसं होडीतून चाललेली, हे सगळं आम्ही टीव्हीवर बघत होतो. वहीत त्या कार्तिकाची नोंद आहे: 'आभाळ.' दोन दिवसांनी पुन्हा 'आभाळ.' मग 'काही नाही.' ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, कणीस धरलंच नाही. कापून जनावरांपुढं टाकली. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते सगळ्यांना आठवत असेल.

पुस्तक खोटं नव्हतं. पत्ता मी चुकले होते. ईशान्य मोसमी पाऊस हा तमिळनाडू, आंध्रची किनारपट्टी, रायलसीमा, केरळ आणि कर्नाटकचा दक्षिण भाग यांचा. एल निनोशी त्याचं जे नातं आहे, तेही त्याच मुलखापुरतं. सोलापूर त्याच्या कुंपणाबाहेर आहे. कुंपणावरून फांदी आली तर आली.

आमच्या हिवाळी पावसाला दोन घरं आहेत, आणि ती दोन्ही दुसऱ्याची आहेत.

एक घर पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. मोसमी पाऊस परतल्यावर तिथं कमी दाबाची क्षेत्रं आणि चक्रीवादळं तयार होतात, किनाऱ्याला धडकतात, आणि एखाद्याचं उरलंसुरलं तेलंगणा ओलांडून आमच्यापर्यंत पोचतं. बहुतेक वेळा पोचतं ते नुसतं ढगांच्या रूपात. पण २०२० च्या ऑक्टोबरात उरलंसुरलं नव्हतं. १३ तारखेला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं ते क्षेत्र हैदराबादला बुडवून दुसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावर आलं. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. अण्णांच्या वहीत 'ताली फुटल्या' हे शब्द त्या पानावर तीनदा आहेत.

दुसरं घर पश्चिमेला, पार भूमध्य समुद्राकडं. तिथून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ घेऊन येणारी कमी दाबाची क्षेत्रं, इराण-अफगाणिस्तानावरून येतात, हिमालयावर बर्फ टाकतात, पंजाबच्या गव्हाला पाणी पाजतात. एल निनोच्या हिवाळ्यात ज्या वरच्या जोरदार वाऱ्यावर ते स्वार होऊन येतात तो थोडा दक्षिणेला सरकतो, त्यामुळं वायव्य भारतात त्या वर्षी साधारणपणे पाऊस-बर्फ जास्त. पण त्याचीही पंगत पंजाबातच उठते. आमच्यापर्यंत येतं ते शेपूट, आणि ते बहुधा कोरडं असतं. आभाळ येतं, थंडी मोडते, हरभऱ्यावर अळी पडते, ज्वारीवर चिकटा येतो. पाऊस पडत नाही आणि नुकसान मात्र होतं.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ती गत.

आता सरासरीचं सांगते, कारण यावर माझा दरवर्षी वर्गात वाद होतो. हवामान खातं जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा धरतं. सोलापुरात या दोन महिन्यांत सरासरी पाऊस पडतो तो अगदी मोजके मिलिमीटर. पण 'सरासरी' म्हणावं तसा तो कधीच पडत नाही. बहुतेक वर्षी शून्य, आणि एखाद्या वर्षी एका रात्रीत सगळा. समजा सरासरी ४ मिलिमीटर आहे आणि एका संध्याकाळी २० पडला. बातमी येणार, 'सरासरीच्या पाचशे टक्के पाऊस'. वाचणाऱ्याला वाटतं ओढे वाहिले. प्रत्यक्षात ढेकूळ भिजलेलं असतं. पुढची चार वर्षं कोरडी गेली की 'उणे शंभर टक्के', आणि त्यानं कुणाचं काहीही बिघडलेलं नसतं. ज्या गोष्टीची सरासरीच लंगडी, तिचा प्रशांत महासागराच्या तापमानाशी मेळ घालायचा म्हणजे फिरत्या जत्रेत चुकलेलं पोर शोधण्यासारखं.

तरी मी तो घातलाच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अण्णांच्या जुन्या वह्या काढून बसले आणि पेन्सिलीनं समासात खुणा करत गेले. एल निनोच्या हिवाळ्याला 'ए', त्याच्या उलट, प्रशांत थंड असतो त्या ला निनाच्या हिवाळ्याला 'ला', दोन्ही नसेल तिथं नुसती रेघ.

हे करताना मला गिल्बर्ट वॉकर आठवत होते. हा इंग्रज गणिती १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि वीस वर्षं होता. दुष्काळाची चाहूल आधी लागावी म्हणून त्यानं जगभरातल्या ठिकाणांचे दाब, पाऊस, तापमान गोळा केलं आणि इथल्या कारकुनांच्या फौजेला हातानं गणितं करायला बसवलं. कशाचा कशाशी मेळ बसतो, एवढंच बघायचं. त्यातून त्याला एक तराजू सापडला. पूर्व प्रशांताकडचं पारडं वर गेलं की हिंदी महासागराकडचं खाली, आणि उलट. आज तो ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबावरून मोजतात. पेरूच्या कोळ्यांना वेगळंच काही माहीत होतं: नाताळच्या सुमाराला त्यांच्या किनाऱ्याचं पाणी तापतं आणि मासे जातात. बाळ येशूच्या नावानं ते त्याला एल निनो म्हणायचे. वॉकरचा तराजू आणि कोळ्यांचं पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे १९६० च्या दशकात ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञांनी जोडून दाखवलं. तोवर वॉकर वारला होता. मला नेहमी वाटतं, त्या कारकुनांपैकी एखादा तरी आमच्यासारख्या कोरडवाहू गावचा असणार, आणि दिवसभर ताहितीची बेरीज करून रात्री घरी पत्र लिहीत असणार, तिकडं पाऊस आहे का.

असो. माझ्या समासातल्या खुणांचं काय झालं ते सांगते.

काहीही झालं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकणात आलं तेव्हा आमच्याकडंही नोंद आहे, 'पागोळ्या', समासात ए. २०२० च्या फुटलेल्या ताली, समासात ला. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस आणि गारठा असा आला की पुणे-नगरकडं मेंढ्या काकडून मेल्या, भावाच्या बागेत घड कुजले. समासात पुन्हा ला. आणि ज्या वर्षानं आमचा सगळा पट्टा झोपवला ते २०१४. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, सगळीकडं गारा. शेडमधल्या जाळ्यांवर बेदाणा पसरलेला होता, तो भिजून काळा पडला. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, कडबासुद्धा काळा झाला. त्या पानावर समासात काय आलं? रेघ. ना एल निनो, ना ला निना.

अण्णा चष्मा लावून बघत होते. म्हणाले, "तुझी अक्षरं सुबक हायेत."

मग त्यांनी वही आपल्याकडं ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी ती वाचून पुढं गेले होते, म्हणजे डोळ्यांनी वाचली होती. २०१४ च्या गारांच्या आदल्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं: 'खाली वारं उगवतीचं. वर आभाळ मावळतीकडनं.'

मी मागची पानं पुन्हा चाळली. वाऱ्याची नोंद जवळपास प्रत्येक हिवाळी पावसाशेजारी होती. कार्तिक-मार्गशीर्षातल्या पावसाला बहुतेक ठिकाणी नुसतंच 'उगवतीचं वारं'. ते पूर्वेचं घर. पौषानंतर 'मावळतीकडनं आभाळ, कोरडं'. ते पश्चिमेचं. आणि जिथं जिथं गारा, तिथं तिथं दोन्ही. जमिनीलगत उपसागरावरून आलेली ओली हवा, आणि डोक्यावर पश्चिमेकडून आलेल्या विक्षोभाचा थंड, वेगवान वारा. खालची हवा तापून वर चढते, वर तिला गारठा भेटतो, वारा तिला तिरकी ओढतो, ढग उंच होतो, गारा धरतो. मी हे फळ्यावर बाण काढून शिकवते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा बदलणं, असा मथळा देऊन. माझ्या बापानं ते बाणांशिवाय लिहून ठेवलं होतं, आणि मी दोन घरं शोधायला ताहितीपर्यंत गेले होते.

दोन्ही घरांनी एकाच दिवशी जेवायला बोलावलं की पाहुण्याची धडगत नसते, असं म्हणायला हरकत नाही.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. त्याला सांगितलं की एक प्रशांताचा तराजू आहे, आणि आपल्या दाराशी हिंदी महासागरात तसलाच एक छोटा तराजू आहे, त्याला हिंदी महासागर द्विध्रुव म्हणतात. यंदा तोही आफ्रिकेच्या बाजूला गरम आहे. १९९७ मध्ये एल निनो केवढा मोठा होता, पण या छोट्या तराजूनं बरंच सावरून घेतलं आणि देशाचा मोसमी पाऊस नीट झाला. ही मोठी माणसं आहेत. ती एका अख्ख्या ऋतूचं, अख्ख्या मुलखाचं बोलतात; अमुक जास्त शक्य, तमुक कमी शक्य, इतकंच. तुझ्या तीन एकरांवर कुठल्या रात्री पाऊस येणार हे त्यांना विचारू नकोस.

"मग एवढं शिकून उपेग काय?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मग मॅडन-ज्युलियन सांगितलं. विषुववृत्ताला ढगांची एक टोळी फेरी मारते, पश्चिमेकडून पूर्वेकडं, साधारण तीस ते साठ दिवसांत एक फेरी. ती आपल्या समुद्रावर असली की उपसागरात काहीतरी शिजायचा संभव वाढतो. ती कुठं आहे हे बघून दोन-तीन आठवड्यांचा अदमास बांधता येतो, आणि शेवटचे पाच दिवस हवामान खात्याचा अंदाज. छाटणीची तारीख एल निनोवरून ठरवू नको, फवारणीची पाच दिवसांच्या अंदाजावरून ठरव. हे मात्र त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

नोव्हेंबरच्या २६-२७ तारखेला राज्यात खरंच अवकाळी आला. नाशिककडं गारांनी बागा झोपल्या. आमच्याकडं दोन दिवस आभाळ आणि वहीत 'शिडकावा'. भावानं आदल्या संध्याकाळी डाऊनी या बुरशीवरची फवारणी उरकली होती. व्हिडिओ पाठवणाऱ्यानं लगेच दुसरा पाठवला: बघा, म्हटलं नव्हतं? एल निनोच होता त्या वर्षी, हे खरं. पण २०२१ ला ला निना होता, तेव्हा तो गप्प होता.

जानेवारीत अण्णा गड्ड्याला सोलापूरला आले. सिद्धरामेश्वरांची यात्रा ते चुकवत नाहीत. होमाच्या रात्री भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, पानसुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मुततं का, यावरून पुढच्या वर्षाचं पाऊसपाणी आणि भाव सांगतात. थंडीत शाल पांघरून आम्ही गर्दीत उभे होतो. वासराला दिव्यांचा उजेड नवा होता, कान सारखे हलत होते. अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या खात्याचं वासरू काय म्हणतंय?"

मी म्हटलं, ते एप्रिलमध्ये सांगतं.

"म्हंजे ह्याचं आधी," ते म्हणाले आणि टाचा वर करून पुढं बघायला लागले.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, सोलापुरातच. आठ दिवस माझ्याकडं राहून ते हट्टानं गावी गेले, कारण बेदाणा सुरू झाला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, वर उजेडात बघायचं नाही, वाकायचं नाही, शेडमध्ये गंधकाची धुरी असेल तिकडं फिरकायचं नाही, असा भावजयीला दम देऊन ठेवला होता.

महिनाअखेरीस एका दुपारी त्यांचाच फोन आला. एरवी ते स्वतः लावत नाहीत, नातवाकडून लावून घेतात.

"खाली वारं उगवतीचं सुटलंय. दमट हाय. मला वर बघायची बंदी घातलीया तुम्ही. ही पोरं नुसती मोबाइलात बघत्यात. तू जरा गच्चीवर जा."

"अण्णा, मी सोलापुरात आहे, तुमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर."

"मग काय, आभाळ निराळं हाय का तुझं?"

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर वाळवणाचे पापड होते. ते ओलांडून कठड्याशी गेले. खाली रस्त्यावरची धूळ पश्चिमेकडं जात होती. वर, खूप वर, पिंजल्यासारखे पांढरे ढग होते. पाण्याच्या टाकीचा कोपरा धरून मी मिनिटभर त्यांच्याकडं बघत राहिले.

"मावळतीकडनं उगवतीला चाललेत," मी म्हटलं.

"बरं."

फोन त्यांनी ठेवला नव्हता, नुसता बाजूला केला होता. पलीकडं ते कुणालातरी हाक मारत होते, आणि मग शेडच्या बाजूनं ताडपत्री ओढल्याचा आवाज यायला लागला. मी पापड गोळा करायला वळले.